सूर्य चौदा सेंटिमीटरचा
वाचकांचे प्रश्न, अभ्यासकांची उत्तरे

या वेळची बहुतेक पत्रे सूर्यमालेच्या मॉडेलांबद्दल आहेत. मैदानावर मांडलेले मणी, पुठ्ठ्यावर काढलेली कक्षा, संगणकातले गणित या सगळ्यांना आम्ही मॉडेलच म्हटले आहे. खरी वस्तू हातात घेता येत नाही, म्हणून तिच्या जागी हाताळता येईल अशी दुसरी ठेवायची, एवढे तिन्हींत समान आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

शाळेच्या मैदानावर सूर्यमाला मांडायची आहे. विकत मिळणाऱ्या प्रतिकृतींत ग्रह एकमेकांना खेटून असतात. आकार आणि अंतर दोन्ही एकाच प्रमाणात दाखवता येतील का? (एक विज्ञान शिक्षिका)

येतील, पण मैदान पुरणार नाही हे आधीच सांगून ठेवतो. १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर हे प्रमाण घ्या. किलोमीटरच्या आकड्यातली पाच शून्ये उडवली की सेंटिमीटर मिळतात, त्यामुळे मुलांना आकडेमोड तोंडी जमते.

सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९३ हजार किलोमीटर, म्हणून तुमचा सूर्य १३.९ सेंटिमीटरचा. पृथ्वी १.३ मिलिमीटरची, म्हणजे टाचणीचे डोके, आणि ती सूर्यापासून १५ मीटरवर. बुध अर्ध्या मिलिमीटरचा, ५.८ मीटरवर. शुक्र १.२ मिलिमीटरचा, १०.८ मीटरवर. मंगळ ०.७ मिलिमीटरचा, २२.८ मीटरवर. गुरू १.४ सेंटिमीटरची गोटी, ७८ मीटरवर, शनी १.२ सेंटिमीटरचा, १४३ मीटरवर. युरेनस आणि नेपच्यून म्हणजे पाच-पाच मिलिमीटरचे मणी, एक २८७ मीटरवर, दुसरा ४५० मीटरवर. चंद्र पृथ्वीपासून अवघा ३.८ सेंटिमीटर, म्हणून दोघांना एकाच कार्डावर चिकटवा.

मैदान शंभर मीटरचेच असेल तर सगळे पाचाने भागा. नेपच्यून ९० मीटरवर येईल, सूर्य २.८ सेंटिमीटरचा होईल, पण पृथ्वी पाव मिलिमीटरची उरेल. वाळूचा बारीक कण. त्यापेक्षा मोठे प्रमाण ठेवून गुरूपर्यंतच मांडावे आणि पुढचे ग्रह कुठल्या दिशेला किती मीटरवर येतात याच्या पाट्या लावाव्यात, असे आमचे मत.

चुका कुठे होतात तेही सांगतो. सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे अंतर आधीच्या ग्रहापासून मोजणे. मुले पृथ्वीपासून पुढे २२.८ मीटर चालतात आणि मंगळ ३८ मीटरवर जाऊन बसतो. वरचे सगळे आकडे सूर्यापासूनचे आहेत, म्हणून प्रत्येक माप सूर्याजवळच्या खुंटीपासूनच घ्यायचे. दुसरी चूक त्रिज्या आणि व्यास यांच्या गोंधळाची, त्यात ग्रह दुप्पट किंवा निमपट होतात. तिसरी अगदी साधी: लहान ग्रह हरवतात. ते पांढऱ्या कार्डावर पारदर्शक चिकटपट्टीखाली दाबून ठेवा आणि नाव लांबून वाचता येईल एवढे मोठे लिहा. लांब अंतरांना टेप पुरत नाही. आधी २० मीटरमध्ये आपली किती पावले पडतात ते मोजून घेतले तर पावलांवर काम भागते. ४५० मीटरमध्ये चार-पाच मीटरची चूक झाली तरी काही बिघडत नाही. आणि ग्रह एका रेषेत मांडू नका, वेगवेगळ्या दिशांना पांगवा. रेषेत मांडले की ते खरेच तसे असतात हा समज डोक्यात पक्का बसतो.

सगळे मांडून झाले की एका विद्यार्थ्याला प्रकाश करा. या प्रमाणात प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ सेंटिमीटर पडतो. त्या गतीने सूर्यापासून पृथ्वीच्या टाचणीपर्यंत जायला त्याला ८ मिनिटे २० सेकंद लागतील, आणि खऱ्या प्रकाशालाही तेवढीच लागतात. नेपच्यूनपर्यंत चार तासांहून जास्त. सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, याच प्रमाणात सुमारे ४,००० किलोमीटरवर येतो.

मॉडेल म्हणजे डोळ्यांना दिसणारी वस्तूच ना? मग केप्लरच्या नियमाला मॉडेल का म्हणतात? (दहावीचा विद्यार्थी)

त्यातूनही न मोजलेली गोष्ट काढता येते, म्हणून. ग्रहाला एका फेरीला लागणाऱ्या वर्षांचा वर्ग म्हणजे त्याच्या अंतराचा घन, असा तो नियम. पृथ्वीचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर १ मान. गुरूचे ५.२ आहे. त्याचा घन कर: १४०.६. त्याचे वर्गमूळ काढ: ११.८६. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षे लागतात. दोन मिनिटांच्या गणितात बारा वर्षांच्या निरीक्षणाचे उत्तर आले. मात्र ही एकके सूर्याभोवती फिरणाऱ्यांनाच चालतात. गुरूच्या चंद्रांना हाच नियम लागू आहे, पण तिथे केंद्रात गुरूचे वस्तुमान असल्यामुळे गुणक बदलतो.

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत पृथ्वीची कक्षा चांगली लांबट दिसते. पृथ्वी सूर्याजवळ येते तेव्हा उन्हाळा, असे मुले त्यावरून म्हणतात. आकृती चुकीची आहे का? (एक पालक)

आकृती तिरक्या बाजूने पाहिल्यासारखी काढलेली असते. टेबलावरची थाळी कडेने पाहिली की लांबट दिसते, त्यातलाच हा प्रकार. आकृतीखाली तसे लिहिलेले नसते, ही खरी चूक.

खरी कक्षा किती लांबट आहे ते घरी काढून बघता येते. जाड पुठ्ठ्यावर कागद लावा, दोन टाचण्या टोचा, त्यांच्याभोवती दोऱ्याचे बंद कडे घाला आणि पेन्सिलने कडे ताणून धरत फिरवा. लांब अक्ष २० सेंटिमीटरचा हवा असेल तर दोन टाचण्यांमधले अंतर म्हणजे २० गुणिले उत्केंद्रता (कक्षा किती लांबट आहे याचे माप; वर्तुळाला शून्य), आणि कड्याची एकूण लांबी म्हणजे २० अधिक ते अंतर. पृथ्वीची उत्केंद्रता ०.०१६७. टाचण्या जेमतेम ३.३ मिलिमीटरवर येतात, कडे २०.३ सेंटिमीटरचे. काढलेल्या आकृतीची लांबी आणि रुंदी यांत पाव मिलिमीटरहून कितीतरी कमी, सुमारे ०.०३ मिलिमीटर फरक पडतो. पेन्सिलची रेघच त्याच्या दसपट जाड असते. डोळ्यांना ते वर्तुळच.

मग लंबवर्तुळ म्हणायचे तरी कशाला? सूर्य मध्यावर नाही, म्हणून. एका टाचणीला सूर्य माना आणि पट्टीने मोजा: एका बाजूला कक्षा ९.८३ सेंटिमीटरवर आणि दुसऱ्या बाजूला १०.१७ वर. हा फरक मात्र दिसतो. प्रत्यक्षात पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर असते, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, १५.२१ कोटींवर. उन्हाळा अंतरामुळे येत असता तर साऱ्या पृथ्वीवर तो जानेवारीतच आला असता. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे.

याच रीतीने बुध काढा. उत्केंद्रता ०.२०६, टाचण्या ४.१ सेंटिमीटरवर. रुंदी १९.६ सेंटिमीटर भरते, चपटेपणा जाणवू लागतो. हॅलेच्या धूमकेतूला ०.९६७ लागेल: टाचण्या जवळजवळ टोकांना जातात आणि कक्षा ५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी होते. दोरा ताणला जाणारा नसावा. रबरी किंवा लोकरीचा घेतला तर सुरुवात आणि शेवट जुळत नाही, आणि टाचण्या वाकल्या की आकृती एका बाजूला फुगते.

दिवा आणि चेंडू घेऊन चंद्राच्या कला दाखवतो, पण अर्धा चंद्र काटकोनात येत नाही. शिवाय मुले विचारतात, मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? (एक शिक्षक)

तुमचा दिवा फार जवळ आहे. दिवा तुमच्यापासून २ मीटरवर आणि हातातला चेंडू ४० सेंटिमीटरवर असेल, तर चेंडू बरोबर अर्धा उजळलेला दिसतो तेव्हा दिवा आणि चेंडू यांच्यातला कोन ७८ अंश असतो. दिवा ५ मीटरवर न्या, तो ८५ होतो. जितका लांब न्याल तितका ९० जवळ येईल.

ही तुमच्या प्रयोगातली खोट म्हणून सोडून देऊ नका, कारण तिच्यातच एक जुने मोजमाप दडले आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक खगोलज्ञ ॲरिस्टार्कसने हेच उलट केले. अर्ध्या चंद्राच्या वेळी चंद्र आणि सूर्य यांतला कोन ८७ अंश धरून, सूर्य चंद्रापेक्षा १८ ते २० पट दूर आहे असे त्याने काढले. प्रत्यक्षात तो कोन ९० पेक्षा अंशाच्या सुमारे सातव्या भागाने कमी आहे आणि सूर्य जवळपास ३९० पट दूर आहे. रीत बिनचूक होती. पण ९० च्या इतक्या जवळ आल्यावर कोनातला बारीकसा फरकही उत्तराला कुठल्या कुठे नेतो, आणि चंद्र नेमका अर्धा कधी झाला हे डोळ्यांनी ठरवणे तर त्याहून कठीण.

ग्रहणासाठी दुसरी मांडणी करा. १ सेंटिमीटर म्हणजे १,००० किलोमीटर. पृथ्वी १२.७ सेंटिमीटरची, चंद्र ३.५ सेंटिमीटरचा, दोघांत ३.८४ मीटर अंतर. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून या मांडणीत चंद्र पृथ्वीच्या पातळीपेक्षा ३४ सेंटिमीटरपर्यंत वर किंवा खाली जातो. त्या अंतरावर पृथ्वीची गडद सावली असते जेमतेम ९ सेंटिमीटर रुंद. सावलीच्या जागी ९ सेंटिमीटरचे काळे वर्तुळ लावा आणि चंद्राचा चेंडू त्याच्या ३४ सेंटिमीटर वर धरा. आणखी समजावावे लागत नाही. चंद्र त्या पातळीला छेदतो त्याच सुमारास पौर्णिमा आली तर ग्रहण.

चेंडू चकचकीत नको, खडबडीत पांढरा हवा, नाहीतर दिव्याचा ठिपकाच चमकतो. खोलीच्या भिंती पांढऱ्या असतील तर त्यांच्यावरून उडालेल्या उजेडाने अंधारी बाजूही उजळते.

टॉलेमीचे पृथ्वीकेंद्री मॉडेल चूक होते, तर ते इतकी शतके कसे चालले? (पदवीचे विद्यार्थी, तीन पत्रे)

कारण ग्रह आकाशात कुठे दिसेल या प्रश्नाचे उत्तर ते कामापुरते बरोबर देत होते. मंगळ काही आठवडे उलटा चालताना दिसतो, वक्री होतो. टॉलेमीने दुसऱ्या शतकात यासाठी प्रत्येक ग्रहाला दोन वर्तुळे दिली: पृथ्वीभोवतीचे मोठे आणि त्या वर्तुळावर सरकत जाणारे लहान. ग्रह लहान वर्तुळावर. लहान वर्तुळाची गती उलट्या बाजूला आली की ग्रह वक्री.

आता आकडे पाहा. मंगळाच्या मोठ्या वर्तुळाची त्रिज्या ६० धरली तर टॉलेमीने लहान वर्तुळाची ३९.५ ठेवली होती. गुणोत्तर ०.६५८. सूर्यापासून पृथ्वीचे अंतर भागिले मंगळाचे अंतर: ०.६५६. गुरूसाठी त्याने ६० ला ११.५ घेतले, म्हणजे ०.१९२. पृथ्वी आणि गुरू यांच्या अंतरांचे गुणोत्तरही ०.१९२. ते लहान वर्तुळ म्हणजे पृथ्वीचीच कक्षा होती, ग्रहाच्या गळ्यात घातलेली! आपण फिरतो हे मान्य नसल्यामुळे आपली चाल प्रत्येक ग्रहाच्या नावावर वेगवेगळी मांडावी लागली. मंगळ, गुरू, शनी या तिघांची लहान वर्तुळे सूर्याच्या चालीशी जुळवून का फिरतात, याला त्या मॉडेलात उत्तर नव्हते. ते तसे आहे, एवढेच.

१५४३ मध्ये कोपर्निकसने सूर्य मध्यावर ठेवला आणि हा योगायोग नाहीसा झाला. पण वर्तुळांचा हट्ट त्यानेही सोडला नाही, म्हणून लहान वर्तुळे त्याच्याकडेही शिल्लक राहिली आणि अचूकता फारशी वाढली नाही. हे पुष्कळ ठिकाणी सांगायचे राहून जाते. अचूकता आली ती केप्लरमुळे. आकाशाचे बारकाईने वेध घेणाऱ्या टायको ब्राहेच्या मंगळाच्या नोंदींशी वर्तुळावरचे गणित अंशाच्या साठ भागांपैकी आठ भागांनी जुळेना. इतर कुणी ते सोडून दिले असते. टायकोची निरीक्षणे इतकी चुकणार नाहीत याची खात्री असल्यामुळे केप्लरने वर्तुळच सोडले आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ मांडले.

शुक्राच्या कलांनी पृथ्वीकेंद्री मॉडेल खोटे ठरवले, असे एका पत्रात आहे. ते अर्धे खरे. टॉलेमीच्या रचनेत शुक्र कायम पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या भागात राहतो, त्यामुळे तो जवळजवळ पूर्ण उजळलेला दिसूच शकत नाही. १६१० च्या अखेरीस गॅलिलिओला तो दुर्बिणीतून तसा दिसू लागला. टॉलेमी बाद झाला. पण टायकोची रचना वाचली: ग्रह सूर्याभोवती, आणि सूर्य त्यांना घेऊन पृथ्वीभोवती. तिच्यातही शुक्राच्या कला अगदी तशाच येतात. पृथ्वी खरेच हलते याचा पुरावा ताऱ्यांकडून आला. १७२९ मध्ये ब्रॅडलीने पृथ्वीच्या वेगामुळे ताराप्रकाशाची दिशा किंचित कलते हे दाखवले, आणि १८३८ मध्ये बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्याचे वर्षभरातले सरकणे मोजले.

आर्यभटाने सूर्यकेंद्री मॉडेल दिले होते, हे खरे का?

इसवी सन ४९९ मध्ये त्याने सांगितले ते पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याबद्दल. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा दृष्टान्त त्याचाच. ग्रहांचे गणित मात्र त्याने पृथ्वी मध्ये ठेवूनच केले. परिवलन आणि परिभ्रमण या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की असा गोंधळ होतो. परिवलन ओळखणे ही काही लहान गोष्ट नाही; तिला दुसऱ्या श्रेयाचा आधार देण्याची गरज नाही.

ताणलेल्या कापडावर जड गोळा ठेवून गुरुत्वाकर्षण दाखवतात. गोटी दर वेळी मध्यात जाऊन पडते. मग ग्रह का पडत नाहीत?

गोटी पडते ती घर्षणामुळे. कापड तिचा वेग खाते आणि ती आत आत वळत जाते. ग्रहांच्या वाटेत तसे काही नाही. त्याहून मोठा दोष असा की गुरुत्वाकर्षण दुप्पट अंतरावर चौपट सौम्य होते, तसा कापडाचा खळगा होत नाही, त्याचा उतार वेगळ्या नियमाने बदलतो. म्हणून गोटी बंद लंबवर्तुळ काढत नाही. दर फेरीला तिच्या वाटेचे टोक सरकते आणि फुलाच्या पाकळ्यांसारखी नक्षी उमटते. आणि गोटीला खळग्यात ओढते कोण? खालच्या पृथ्वीचे गुरुत्वाकर्षणच. म्हणजे जे समजावायचे तेच आत दडवले आहे. जवळ गेल्यावर वेग वाढतो आणि आडवा वेग असेल तर वस्तू सरळ मध्यात न पडता वळसा घालते, एवढ्या दोन गोष्टींपुरता हा खेळ चांगला. कापड सगळ्या बाजूंनी सारखे ताणलेले नसेल तर याही दिसत नाहीत.

मी पृथ्वीच्या कक्षेचा प्रोग्राम लिहिला आहे. सूत्र बरोबर आहे, तरी पृथ्वी सर्पिलात बाहेर निघून जाते. (अकरावीची विद्यार्थिनी)

तुझे सूत्र बरोबर असणार. दोन ओळींचा क्रम चुकला आहे. आपण एक टप्पा हाताने करून बघू.

अंतर पृथ्वी-सूर्य अंतरात आणि वेळ वर्षांत मोज. मग सूर्याचा गुरुत्व-गुणक ३९.४८ येतो, म्हणजे ४ गुणिले पायचा वर्ग. त्याला अंतराच्या वर्गाने भागले की सूर्याकडचे त्वरण. सुरुवातीला पृथ्वी (१, ०) वर, वेग (०, ६.२८३). टप्पा ०.०१ वर्षाचा, साधारण साडेतीन दिवसांचा. त्वरण (−३९.४८, ०).

तू आधी जुन्या वेगाने जागा बदलतेस: नवी जागा (१, ०.०६२८). सूर्यापासूनचे अंतर १.००२ झाले. पृथ्वी स्पर्शरेषेवरून सरळ गेली, म्हणून बाहेर सरकली. मग वेगात −०.३९५ मिळवलेस, वेग (−०.३९५, ६.२८३), एकूण ६.२९६. म्हणजे पृथ्वी लांबही गेली आणि तिचा वेगही वाढला. ऊर्जा फुकट मिळाली, आणि हे दर टप्प्याला त्याच दिशेने होते. टप्पा लहान केलास तर सर्पिल मंदावेल, पण थांबणार नाही.

आता आधी वेग बदल आणि त्या नव्या वेगाने जागा बदल. जागा (०.९९६१, ०.०६२८), अंतर ०.९९८. इथेही चूक आहे, पण ती फेरीभर कधी आत तर कधी बाहेर अशी होते आणि साचत नाही. कक्षा किंचित लंबवर्तुळ दिसेल, पण पळून जाणार नाही.

याहून चांगली रीत: वेग अर्ध्या टप्प्याने बदल, जागा पूर्ण टप्प्याने, पुन्हा नव्या जागेचे त्वरण काढून वेग अर्ध्या टप्प्याने. पहिल्या टप्प्यानंतर अंतर येते १.०००००२. हिला लीपफ्रॉग म्हणतात. प्रोग्राममध्ये एक ओळ वाढव: दर टप्प्याला वेगाच्या वर्गाच्या निम्म्यातून ३९.४८ भागिले अंतर वजा करून छाप. हा आकडा म्हणजे पृथ्वीची ऊर्जा, तो −१९.७४ च्या आसपास राहिला पाहिजे. एकाच दिशेने सरकत गेला, तर चित्र कितीही सुंदर दिसो, काहीतरी बिघडले आहे. धूमकेतू घालून बघशील तेव्हा सूर्याजवळ टप्पा लहान करावा लागेल, नाहीतर एकाच उडीत तो सूर्याच्या आरपार जाईल.

निरीक्षण आणि मॉडेल जुळले नाही, तर दोष कुणाचा हे कसे ठरवतात?

आधीपासून ठरवता येत नाही. एकाच माणसाच्या हातून दोन्ही प्रकार घडले आहेत. १७८१ मध्ये हर्शेलने शोधलेला युरेनस न्यूटनच्या नियमाने काढलेल्या जागी सापडेना. फ्रेंच खगोलज्ञ ल व्हेरिएने नियम न बदलता पलीकडे एक अज्ञात ग्रह मानला आणि तो कुठे असेल ते काढले. इंग्लंडमध्ये ॲडम्सनेही स्वतंत्रपणे तेच केले. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले याला ल व्हेरिएच्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

पुढे १८५९ मध्ये ल व्हेरिएनेच बुधाची तक्रार मांडली. बुधाच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू, उपसूर्य, हिशेबापेक्षा थोडा जास्त सरकतो. आजच्या मोजमापाने शतकाला ४३ विकला, म्हणजे अंशाच्या ३,६०० भागांपैकी ४३. त्याने तोच उपाय केला: सूर्याजवळ आणखी एक ग्रह असेल. त्याला व्हल्कन असे नावही पडले, आणि तो दिसल्याचे दावेही झाले. ग्रह नव्हताच. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतातून तो ४३ चा आकडा काहीही जुळवाजुळव न करता बाहेर पडला. या वेळी नियमच बदलावा लागला.

नेपच्यूनच्या यशालाही एक शेपूट आहे. ग्रह किती दूर मानायचा हे ल व्हेरिए आणि ॲडम्स यांनी टिटियस-बोडच्या आकड्यांच्या क्रमावरून घेतले होते (पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर १ मानून): ०.४, ०.७, १.०, १.६, २.८, ५.२, १०.०, १९.६. युरेनस त्यात बसला होता, १८०१ मध्ये सापडलेला सेरेस २.८ वर बसला होता. पुढचा आकडा ३८.८. नेपच्यून निघाला ३०.१ वर. अंतर चुकले, त्यामुळे त्यांनी काढलेली कक्षाही चुकली, पण त्या काळातली दिशा बरोबर आली आणि दुर्बीण वळवायला तेवढे पुरले. बोडच्या क्रमामागे कुठलेही बल किंवा कारण नव्हते, फक्त आकडे जुळत होते. असे क्रम जुळतात तोवर फार गोड वाटतात.

संगणकाने ग्रहांच्या जागा किती वर्षे पुढे सांगता येतात?

ग्रहणे आणि यानांचे मार्ग यांच्यासाठी शतकानुशतके, बिनघोर. कोट्यवधी वर्षांसाठी मात्र नाही, आणि याला संगणकाचा वेग कारणीभूत नाही. १९८९ मध्ये खगोलज्ञ जॅक लास्कर यांनी दाखवले की आतल्या ग्रहांची गती केऑटिक आहे, म्हणजे सुरुवातीची चूक पटीपटीने वाढत जाते. पृथ्वीच्या आजच्या जागेत १५ मीटरची चूक असेल तर १ कोटी वर्षांनी ती १५० मीटर होते, पण १० कोटी वर्षांनी १५ कोटी किलोमीटर. म्हणजे कक्षेवर पृथ्वी कुठे असेल याला अर्थच उरत नाही.

मग एकच भविष्य काढण्याऐवजी अनेक काढतात. २००९ मध्ये लास्कर आणि गॅस्टिनो यांनी पाच अब्ज वर्षांची २,५०१ गणिते केली, प्रत्येकात सुरुवातीचा फरक अगदी नगण्य. सुमारे एक टक्का गणितांत बुधाची कक्षा फार लांबट झाली आणि टकरीची शक्यता तयार झाली. बाकीच्यांत ग्रह आपापल्या वाटेने फिरत राहिले.

मैदानावरच्या प्रतिकृतीत लघुग्रहांचा पट्टा कसा दाखवावा? वाळू पसरली तर चालेल का?

वाळू नको. पहिल्या उत्तरातल्या प्रमाणात पट्टा सूर्यापासून साधारण ३३ ते ४८ मीटरच्या मध्ये येतो. त्यातला सर्वांत मोठा सेरेस सुमारे ९४० किलोमीटरचा, म्हणजे तुमच्या मैदानावर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान, केसाच्या जाडीएवढा. बाकीचे त्याहून बारीक. सगळा पट्टा एकत्र केला तरी वस्तुमान चंद्राच्या सुमारे ३ टक्केच. पायोनियर १० हे यान १९७२-७३ मध्ये तो ओलांडून सुखरूप गुरूपाशी पोचले. त्या जागी दोरीने दोन वर्तुळे आखा, मधे काही ठेवू नका, आणि पाटीवर लिहा: ‘लघुग्रहांचा पट्टा येथे आहे.’